शेवटचं शून्य

सकाळी सातला विल्लूंचा फोन:
"माझं शून्य कुठे गेलं?"

हापसालूत अजून उजाडायचं होतं.
कॉफी तशीच ठेवून मी स्क्रीन उघडली.
हिऊमा बेटाची वाट, चौथा खांब, बर्फाची जाडी: २२.
"तुम्ही पाठवलंत तेच आहे."
"नाही. मी बावीस पूर्णांक शून्य पाठवलं होतं."

दशांशचिन्हापुढच्या शेवटच्या शून्याला
किंमत नसते, असं शाळेत घोकलं होतं.
यंत्रही त्याच शाळेतलं.
शेपटी दिसली की छाटतं,
आणि छाटलेलं दिसतंही नीटनेटकं.

"मी गुडघे टेकले होते," विल्लू म्हणाले.
"हातमोजा काढून भोकात पट्टी सोडली,
मिलिमीटरच्या रेघेशी डोळा नेला,
पापण्यांवर बर्फ धरेपर्यंत बघत राहिलो.
तिथे काही नव्हतं.
ते काही नव्हतं, हेच मी लिहून पाठवलंय."

मला लाज वाटली.
एका ओळीत दुरुस्ती केली:
प्रत्येक आकडा दशांशाच्या एका घरापर्यंत,
घर रिकामं असेल तर शून्य भरून.
तीन भोकांची सरासरी, २१.९६६६, तिचे २२.० झाले.
अख्खा तक्ता
शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखा रांगेत उभा राहिला.

दुपारी पुन्हा फोन.
"हेइनोच्या आकड्यालाही शून्य आहे."
"मग?"
"हेइनो गाडीतून जेमतेम एक पाय खाली टेकतो.
त्याच्या काठीला सेंटिमीटरच कळतात.
तो बावीस म्हणाला, तर बावीस.
माझं शून्य त्याला कशाला दिलंस?"

यावर माझ्याकडे ओळ नव्हती.

संध्याकाळी आकड्यांना आकडे मानणं सोडलं.
आता जे येतं ते अक्षरं म्हणून साठवते,
दोन, दोन, टिंब, शून्य,
हातातून निघालं तसं.
बेरजेची वेळ आली की वेगळी प्रत काढते,
तिला यंत्राने हवं तेवढं छाटावं.
मूळ ओळीला हात नाही.

रविवारी आईकडे निघाले.
बर्फाच्या वाटेवर पट्टा बांधायचा नसतो,
गाडी थांबवायची नसते.
खालून समुद्र एकदा करकरला
आणि मी मोठ्याने म्हटलं, बावीस पूर्णांक...
तेवढ्यात चौथा खांब आला.
त्याच्या बुंध्याशी,
वाऱ्याने अजून न बुजवलेले,
दोन गोल खळगे, शेजारी शेजारी.