बिघाडाची वही

वडशाच्या बंद राईस मिलीत
दर तिसऱ्या मंगळवारी आम्ही जमतो.
कोंड्याचा वास अजून भिंतींतून गेलेला नाही.
कबुतरं वर, आम्ही खाली,
मधे मिलीचा जुना वजनकाटा,
त्यावर चहाची किटली.

नियम एकच, पारबताबाईनं घातलेला:
येताना बिघडलेलं काहीतरी आणायचं.
यशाच्या गोष्टी घरी ठेवून या, म्हणाली,
त्या सोयऱ्यांना सांगायला लागतात.

मी नेल्या नागपूरहून परत आलेल्या
जवसाच्या तेलाच्या चौदा बाटल्या.
लेबलवर तारीख नव्हती.
पुस्तकलानं मोहाचे लाडू आणले, बुरशी धरलेले.
डबा तिनं असा पुढे केला
की आजारी लेकरू डॉक्टरपुढे धरावं.
मनिराम उईकेनं आणलं बँकेचं पत्र:
कोटेशन जोडा, तारण जोडा, नकाशा जोडा.
ते आम्ही सगळ्यांनी वाचलं,
कोणालाच कळलं नाही,
तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

एकदा पुण्याचे साहेब आले होते.
चांगला माणूस. सतरंजीवर बसले,
अंबाडीची भाजी दोनदा घेतली.
म्हणाले, तुम्ही आता स्केल केलं पाहिजे.
पुस्तकला माझ्या कानाशी,
"पट्टी कायले पायजे जी यायले?"
मी हसू दाबलं.
मग रात्री घाण्यापाशी खरंच विचार करत बसले,
कोणत्या पट्टीनं मोजायचं आम्हाला?
पाचशे गावं झाली पाहिजेत,
की एका गावात पाच वर्षं टिकलो तरी चालेल?

वहीत याचं उत्तर नाही.
वहीत एवढंच: कोणाचं काय बिघडलं,
कोणाला काय ठाऊक होतं,
कोण कोणाच्या दारात गेलं.

दिवाळीनंतर फिरोजनं वाळवणी यंत्रांचं काम बंद केलं.
उन्हावर चालणारी. सहा विकली, चार परत आली.
दोन मंगळवार तो फिरकला नाही.
तिसऱ्याच्या आदल्या दिवशी पारबताबाई त्याच्या घरी.
"तुयं तर अख्खं दुकानच बिघडलं,
मंग उद्या पाळी तुईच."

आला. टेम्पोत एक यंत्र घालून.
कोणी समजूत काढली नाही,
कोणी पाठीवर हात ठेवला नाही.
मनिराम काच पुसायला लागला, मी पत्रा धरला,
आणि बराच वेळानं फिरोज बोलला,
हवा खरं तर कुठून जायला हवी होती ते.

आता त्या यंत्रात पुस्तकलाची मोहफुलं वाळतात.
फिरोज टेम्पो चालवतो.
माझं तेल, तिचे लाडू, मनिरामच्या बांबूच्या टोपल्या
एकाच भाड्यात नागपूरला.
हा नवा धंदा का रे, विचारलं
तर म्हणाला, "धंदा कायचा? मंगळवार हाय हा."

गेल्या खेपेला आरमोरीकडची एक पोरगी आली.
दारातच उभी, हात रिकामे.
माझं अजून काही सुरूच नाही झालं, म्हणाली,
बिघडेल काय?

पारबताबाईनं काट्यावरची किटली उचलली.
काटा शून्यावर आला नाही.
कधीच येत नाही, पाव किलो पुढंच थांबतो.
"बस," म्हणाली,
"हाच दुरुस्त कर."