निळा ठिपका

सांगलीहून सव्वापाचची एसटी सुटते
आणि त्याच्या मोबाइलवर माझा निळा ठिपका सरकू लागतो.
माधवनगर. बुधगाव. कवलापूर. कुमठे फाटा.
बुधगावला गाडी पंक्चर झाली त्या दिवशी
ठिपका वीस मिनिटं हलला नाही.
एकतीस मिस्ड कॉल.
"कुणाबरोबर उतरलीस?"

सुरुवातीला आवडायचं मला, खोटं कशाला बोलू.
घरात कुणी विचारत नव्हतं, पोचलीस का.
हा विचारायचा.
पुढं शमीमशी बोलायचं नाही असं ठरलं.
कुणी ठरवलं ते आठवत नाही.
मग मोकळे केस नाहीत. मग एनसीसी नाही.
मग पासवर्ड दे. मग रात्री फोन चालूच ठेव,
तुझा श्वास ऐकू येऊ दे.
मी उशीपाशी फोन ठेवून
झोपल्यासारखा श्वास घ्यायला शिकले.

कृष्णेच्या घाटावर त्यानं मनगट पिरगाळलं
आणि तोच रडला.
त्याला भडंग मी घेऊन दिलं.
"मी जीव देईन, नाहीतर ते फोटो तुझ्या पप्पांना पाठवीन."
एकाच वाक्यात दोन्ही.

पप्पांना सांगितलं तर काय होतं, ठाऊक होतं.
कॉलेज बंद. दिवाळीनंतर स्थळं.
मग मी घरातच ठिपका,
न हलणारा.

मार्चमध्ये फुलाआत्याबरोबर बेदाणा निवडायला गेले, तासगावातच.
पट्ट्यावरून बेदाणा वाहत होता,
काडी वेचताना माझी बाही वर सरकली.
आत्याचे हात थांबले नाहीत.
"बांगडीचा वळ नव्हं त्यो," म्हणाली.
"माझ्याबी हाताला हुता. आमी त्याला जीव लावणं म्हणायचो."
फोन थरथरला. परत थरथरला.
तिनं हिसकावला नाही, कोण आहे विचारलं नाही.
"उचलायचाय का तुला?"

तुला.
मी मान हलवली, नाही अशी,
आणि गंधकाचा वास डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून रडले.

रात्री जेवणं झाल्यावर, माझ्यासमोर,
आत्या पप्पांना म्हणाली,
"पोरीचं कॉलेज बंद हुनार न्हाई, आधी कबूल कर.
मग पुढचं सांगते."
पप्पा बराच वेळ
ताटात हात वाळवत बसले.

कोळेकर मॅडमच्या केबिनमधून १०९८ लावला.
म्हटलं, आता विचारणार, फोटो पाठवलेसच कशाला.
पलीकडच्या बाईंनी विचारलं,
आत्ता तू सुरक्षित आहेस ना?
आणि, मेसेज पुसू नकोस, जपून ठेव.

संपलं नाही सगळं.
तसली काळी मोटरसायकल दिसली की
अजून पोटात कालवतं.
शमीम दोन आठवडे फुगून होती,
मग एक दिवस तिनं रुमाल टाकून जागा धरली.

काल बुधगावला गाडी परत बंद पडली.
आम्ही दोघी रसवंतीवर उभ्या राहिलो, चाळीस मिनिटं.
शमीम सोडून
मी कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.
मी अर्धा ग्लास अजून मागितला.