अंगठा

मोयनाक. अरल समुद्राचा कोरडा तळ.
काळेच कपडे घाल, म्हणाले होते,
रंगीत रुमालाचाही उजेड
यंत्रात सांडतो.

आधी पांढरी पाटी मोजली. मग मीठ,
मग शिंपल्यांची भुकटी.
वरून पाहिलं तर मीठ आणि बर्फ सारखंच,
पण डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात
बर्फ काळाठिक्कर पडतो.
मीठ नाही.
ज्याची त्याची सही.

पेरिझातनं तिची साक्साउलची रोपं दाखवली.
तीन हिवाळे काढलेली, गुडघ्याएवढी.
पानं नाहीतच, नुसत्या हिरवट काड्या.

नकाशात इथे ‘उजाड’ आहे,
मी सांगून टाकलं.

ती हसली.
“अंगठाबहाद्दर आहेत अजून.”

गुडघे टेकून नळी खाली आणली.
वाऱ्यात काड्या थांबेनात.
पडद्यावरची रेघ
जराशी उठली,
पुन्हा बसली.