एक अक्षर कमी

सात रस्त्याला रसवंतीची चाकं फिरू लागली
की घरातली माणसं चिडकी होतात, दरवर्षी.
यंदा मे महिन्यात सोलापुरात राहायचं नाही, युरोपला जायचं,
असं अंबादास दिवाळीला बोलून गेला, हिशेब जुळल्याच्या आनंदात,
आणि तो शब्द मागे घेईल म्हणून पोरांनी त्याच रात्री
आत्याला फोन करून सांगून टाकलं.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी
जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला.
शेंगाचटणीची बरणी नॉर्वेवर,
ताकाचा तांब्या इटलीच्या टाचेशी.

हर्षिणीला नॉर्वे हवं, जिथं उन्हाळ्यात रात्रच होत नाही.
"वर्षभर अंधारात जागले मी,
एकदा उजेडात जागायचंय."
तेजेशला एक मैदान. फुटबॉलचं.
देश कुठलाही चालेल, मैदान तेच पाहिजे.
मला विचारलं तेव्हा म्हणाले,
जिथं नळाला रोज पाणी येतं तिथं.
हसले सगळे. मी विनोद केला नव्हता.

अंबादासला तिकडची गावं वेगळीच कळतात.
हॅम्बर्ग: पाचशे जीएसएम, पांढरा, काठ निळा.
ल्यों: पैसे उशिरा, बोलणं गोड.
ग्रीसचं कुठलंसं बेट: चौदाशे नग, एकदाच, पुन्हा नाही.
वीस वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडमधून
त्यानं तिकडची ओली अंगं पुसली,
आणि विमानात बसला तो एकदाच,
हैदराबादला, मेव्हण्याच्या लग्नात.

आकडे काढले. व्हिसा, विमा, चौघांची तिकिटं,
बँकेचा सहा महिन्यांचा उतारा,
ज्यातला ऑक्टोबर कुणाला दाखवावासा नाही.
नॉर्वे त्याच रात्री पडलं.
हर्षिणी उठून गेली. दार आपटलं नाही तिनं,
आपटलं असतं तर बरं.
जूनपासून ती पुण्याला,
मग तिच्या सुट्ट्या वेगळ्या, आमच्या वेगळ्या,
हे टेबलावर कुणी बोललं नव्हतं.

चौथ्या दिवशी पाणी आलं, पहाटे पावणेतीनला.
पाइप, मोटार, बादल्या, चौघं अर्धवट झोपेत,
तेजेश घसरला तो पिंपासकट,
आणि मी हाताला लागेल तो टॉवेल फरशीवर फेकला.
टोकाला निळ्या दोऱ्यात नाव:
पेन्साओ गाइव्होटा.
म्हणजे तसं असायला हवं होतं.
कारागिराच्या हातून एक अक्षर गळलं
आणि सहाशे नग पोर्तुगालहून परत आले.
बारा वर्षं घरात तेच.
पोरांची डोकी त्यानंच पुसली,
मावशींना दिले, रिक्षावाल्याला दिले,
एकदा गणपतीच्या मांडवात मागचा पडदा म्हणून लागले.
आमच्या गल्लीतली निम्मी माणसं
कधी न पाहिलेल्या लॉजच्या चुकीच्या नावानं अंग कोरडं करतात.

तेजेशनं ओल्या बोटांनी फोनवर शोधलं.
"अप्पा, आहे की ओ! अजून चालू आहे!"
चढाचा अरुंद रस्ता, पिवळी भिंत,
वरच्या गॅलरीत दोरीवर काहीतरी पांढरं.
आमचं नव्हेच, तरी अंबादासनं
दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं,
नुसते चौकोन उरेपर्यंत.
"हलका माल," म्हणाला. "कुणीतरी गंडवलंय त्यांना."

हर्षिणी मोटार बंद करून आली.
"समुद्र आहे तिथं?"
आहे.
"रात्र होते?"
होते. पण नऊपर्यंत उजेड.
ती वाकून टॉवेल पिळत राहिली,
गळलेल्या अक्षराच्या जागेवर अंगठा.
"आणि मैदान काय बे," तेजेश पुटपुटला,
पण तोवर तो जवळचं स्टेडियम शोधायलाही लागला होता.

तिकिटं काढलेली नाहीत. व्हिसाची तारीख मिळायचीय.
एवढंच, की काल कपाटाच्या वरच्या फळीवर
चार टॉवेल दिसले, घडी न मोडलेले,
मालाला बांधतात तशी सुतळी बांधून.
हे कशाला, विचारलं.
"देऊन टाकू त्यांना. डिलिव्हरी राहिलीय."

मी सुतळी सोडली, आणखी दोन घातले.
लॉजवरचे कसले असतील, काय भरवसा.