एकच हातमोजा

संडरलंडची व्यायामशाळा, फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेसहा.
बाहेर समुद्रावरचा वारा कचऱ्याचे डबे आडवे करतोय,
आत मी टेप घेऊन
तलवारबाजांच्या मांड्या मोजतेय.

केझाया थॉर्बर्न, वय एकोणीस, डावखुरी.
डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर जाड,
डावा दंड दुसऱ्याच कुणाचा उसना आणल्यासारखा.
"मापाची जीन्स मिळत नाही मला," ती म्हणते,
"एक पाय घट्ट, एक ढगळ."

मग दिवा. लाल लागला की बटण,
हिरव्याला हात हलवायचा नाही.
डावा: एकशे शहाऐंशी.
उजवा: दोनशे नऊ.
सेकंदाचे हजार तुकडे केले, त्यांतले तेवीस.
तेवीस तुकड्यांत काय मावतं?
पापणी अर्धीही मिटत नाही.
पण मास्तर ऑल्विन म्हणतात, तेवढ्यात
समोरच्याचं मनगट उघडं पडतं,
आणि पडतं ते नको त्या बाजूला.
सगळे जन्मभर उजव्यांशी खेळून तयार झालेले;
ही समोर आली की गडबडतात,
आरसाच अंगावर धावून यावा तसे.

डाव आणि डावा एकाच घरातले असतील का?
मग त्याच घरात डावलणं कुठून आलं?
जिंकला तो उजवा ठरला, असं म्हणतो आपण.
केझाया जिंकली तर काय म्हणायचं?

सगळे गेल्यावर मी दिवे मालवले नाहीत.
खुर्ची ओढली.
उजवा: दोनशे एकाहत्तर.
डावा: दोनशे एकाहत्तर.
पुन्हा केलं, वीस वेळा. सरासरी तीच,
एखाददुसरा तुकडा इकडेतिकडे.

कऱ्हाडला दुसरीत कर्णिकबाई
लाकडी पट्टी माझ्या वहीवर आपटायच्या,
हाताला अगदी लागून. हातावर कधीच नाही.
आवाज पुरायचा.
आई नैवेद्याचं ताट धरून थांबायची
मी हात बदलेपर्यंत. रागावून नव्हे,
एसटीची वाट पाहावी तशी.
त्यांनी माझं काही काढून घेतलं,
की वर आणखी एक हात दिला?
आकडा ते सांगत नाही.
आकडा फक्त सारखा आहे,
आणि अहवालात माझ्यासाठी रकाना नाही.

बाकावर तिचा हातमोजा राहिलेला.
त्यांना एकच लागतो, दुकानातही एकच मिळतो.
बोटं अजून ओलसर, अंगठ्यापाशी शिवण उसवलेली.
घालून पाहिला. बसला नीट. एवढंच.

दार ढकलून ती आली, धापा टाकत,
"सॉरी, माझा इथे—"
मी डाव्या हाताने पुढे केला.
घरी असतं तर समोरचं माणूस थांबलं असतं.
तिने घेतला, थँक्स म्हणाली,
आणि सुटणाऱ्या बसमागे पळाली,
जाडा पाय आधी.