मोजणी

तिनं ते पहिल्यांदा आणलं तेव्हा
मी विचारलं, झेनोबिया, हे खाता येतं का?
माझ्या तीनशे मीटरच्या वाट्यात सगळं पोटासाठी :
बीट, बटाटा, कोबी, शेपूच्या दोन ओळी.
आणि कुंपणापलीकडे तिची ही बुटकी बुद्लेया.
कमरेच्या वर जाणार नाही,
असं बाजारातल्या बाईनं शपथेवर सांगितलेलं.

काय म्हणालास? ती ओरडली.
चौतीस वर्षं मागांच्या खात्यात काढलेली बाई.
वूचच्या कापडगिरणीनं तिचे कान ठेवून घेतले
आणि पेन्शन दिली.
तिच्याशी बोलायचं म्हणजे
बागेतल्या साठही वाट्यांशी बोलायचं.

कपडे भिजवायचं जुनं घमेलं,
बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
निम्मी माती, निम्मी खडी.
हिचे पाय ओले राहिले की ही मरते, ती म्हणाली,
आणि घमेलं भर उन्हात सरकवलं,
म्हणजे मी सरकवलं.

मार्च संपताना ती माझ्या फाटकात, हातात कात्री.
मला बोटांच्या गाठी दाखवल्या.
काप.
किती?
तिनं घमेल्यातल्या मातीवर मूठ ठेवली,
मुठीवर दुसरी मूठ.
एवढं ठेव.

मी दर हिवाळ्यात डुक्कर कापलेला माणूस,
पण त्या दिवशी माझा हात अडला.
जुन्या लाकडावर ती फुलत नाही, झेनोबिया म्हणाली,
जुनं लाकूड नुसतं उभं राहतं
तुझ्यासारखं.

एप्रिलभर काही नाही.
घमेल्यात दोन मुठी काटक्या.
मी मागच्या फाटकानं येजा करू लागलो.

मेमध्ये एका काटकीच्या बगलेत
राखाडी काहीतरी, पिंजलेल्या कापसाची लव असावी तसं.
मी कुणाला सांगितलं नाही.
तिनं आधीच पाहिलं होतं.
तिनं फक्त माझ्या कुंपणाकडे बोट केलं :
तिथलं खाजरं तण उपटू नकोस.
झुडूप फुलपाखरांना पाजतं,
पोरं वाढतात खाजऱ्या पानांवर.
म्हणून या वर्षी माझ्या कुंपणाला तण आहे,
आणि समितीची नोटीसही.

जुलैत पहिला तुरा उघडला, जांभळा,
दुपारी त्याला मधाचा वास,
आणि त्याच आठवड्यात ती जिन्यावर पडली.
खुबा.

रोज चारला मी फोन लावतो.
किती?
सात.
काय?
सात! मोराच्या डोळ्यांची चार! काळी-तांबडी दोन! एक पांढरं!
आठ! पलीकडून कोर्दुला ओरडते,
एक घमेल्याच्या मागे आहे!
ते कोबीचं आहे, ते धरू नका, असं विटोल्ड,
ज्याच्याशी मी पाण्याच्या नळावरून
सहा वर्षं बोललेलो नाही.
मधमाश्या? ती विचारते.
मधमाश्या मोजता येत नाहीत, बाई!
मग भुंगे मोज.

आणि तो आला का?
तिला कोण हवा ते मला ठाऊक आहे.
बसत नाही तो कधी. हवेत थांबतो,
लांब जिभेनं एकेक फूल शिवतो,
या तुऱ्यातून त्या तुऱ्यात,
धोट्यासारखा.
तिनं तो एकदाच पाहिला,
आणि म्हणाली, माझ्या मागावरून सुटून आलाय.

नाही आला, मी ओरडतो. रोज तेच.
विटोल्ड मान खाली घालतो.

काल चार वाजून गेले, सहा वाजले.
मी खुर्ची घेऊन बसलेलो, बीटं तहानलेली.
आणि तो होता.
केव्हा आला ते कळलं नाही,
तुऱ्यासमोर हवेत एक तपकिरी थरथर,
आणि बारीक घरघर, अगदी बारीक.

मी नंबर लावला. ओरडलो नाही.
ओरडलो असतो तर तो गेला असता.
नुसता हात लांब केला, फोन तुऱ्याजवळ धरला,
खांदा दुखेपर्यंत.

मग कानाला लावून हळूच विचारलं,
ऐकू आलं?

नाही, ती म्हणाली.
धरून ठेव.