टिंब

ठेका बिपीनशेठचा, शिडी माझी.
अमळनेरपासून तापी ओलांडून
थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत
एकेचाळीस गावं, एकेचाळीस पत्रे,
पिवळ्यावर काळं, अक्षरामागे सव्वा रुपया.
काना, मात्रा, वेलांटी, टिंब
फुकटात.

पहिलं उंटबुडी.
"इथं उंट कुठून?" मी विचारलं.
लोटनअप्पा तंबाखू मळत म्हणाला,
"आठे उंट बुडना, भो. मिठाना उंट."
शेजारचा म्हणाला, उंट नाही, उंबर. पुरात गेला.
तिसरा काही बोलला नाही,
नदीकडे बघत राहिला.
त्या नदीत आता कोंबडीही बुडणार नाही.

उधारखेडे ज्यानं वसवलं
त्यानं म्हणे पहिला नारळसुद्धा उधार आणलेला.
नाव बदलायचा ठराव दोनदा झाला,
दोन्ही वेळा अर्जाच्या तिकिटाचे पैसे
कुणी घालायचे यावर अडला.

मग सांगवण बुद्रुक, साठ घरं.
सांगवण खुर्द, चारशे घरं, बँक, दोन कापूसवाले.
तरी पत्र्यावर थोरला तो थोरलाच.
बुद्रुकचा म्हातारा शिडीखाली उभा राहून
'बु' नीट काढतोय का ते बघत होता.

यादीत तेविसाव्या नावापुढे
तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात: बेचिराग.
दिवा नाही, माणूस नाही,
पण सातबारा आहे म्हणून पाटी आहे.
माळावर कमरेएवढं गवत, वाळलेलं,
पायजम्यात कुसळंच कुसळं.
खड्डा खणला, खांब पुरला, लिहिलं: चुलवड.
कशावरून, ते विचारायला कुणी नव्हतं.
मीच एकदा मोठ्यानं वाचलं.
टिटवी ओरडत उठली
आणि बराच वेळ खाली बसली नाही.

रांजणपाडे एकतिसावं.
तिथं कुंभार होते, एवढंच, गोष्ट काही नाही.
वैशाखाची दुपार, पत्रा हात लावू देईना.
'रा' झाला, 'ज' झाला, 'ण' झाला,
'पाडे' संपवलं आणि खालून दगूबाईनं हाक मारली,
"पानी पी ले रे, पेंटर, मरशीन."
उतरलो. ओसरीत रांजण, मानेपर्यंत वाळूत पुरलेला.
तीन तांबे प्यायलो.
गार इतकं की दात विसरले,
मी टिंब विसरलो.
शिडी सायकलला बांधली आणि निघालो.

एकोणतीस वर्षांनी
भाचीच्या साखरपुड्याला गेलो.
कंडक्टरच्या मशिनीतून तिकीट आलं: राजणपाडे.
शाळेवर राजणपाडे, दूध डेअरीवर राजणपाडे,
लग्नपत्रिकेत, गल्लीतल्या क्रिकेटच्या कपावर
राजणपाडे.
एवढा खर्च झाल्यावर
कुणाकडे जाऊन कबूल करायचं?

थांब्यावर एक पोरगा शेंगा खात होता, भूपेश.
सहज विचारलं, गावाचं नाव कशावरून रे?
"राजा आल्ता ना," तो म्हणाला, "फार पहिले.
उन्हाचा. एकटा. तहानेनं मरत होता,
तर आमच्या दगूमायनं त्याला पाणी पाजलं."
"घोड्यावर आलेला?"
"नाही. घोडा नव्हता."
थोडा विचार करून, साल थुंकून,
"गरीब राजा होता."

मी त्याच्याकडून दोन शेंगा घेतल्या.

पाटी तीच आहे, माझ्या हातची.
खालचा कोपरा गंजलाय, 'डे'चा रंग उडालाय.
पण 'रा'च्या डोक्यावर
कुंभारणीनं मातीचं घर केलंय,
बोराएवढं, गोल, वरून तोंड उघडं.
मी बघत होतो तेव्हा ती
चिखलाचा आणखी एक गोळा घेऊन आली.